गाजर गवत खरंच गव्हातून आलं का?

गाजर गवतावरचा कुठलाही प्रबंध उघडा. पहिल्या प्रकरणात, बहुतेक वेळा पहिल्याच पानावर, एका अर्थाचं वाक्य असतंच: ही वनस्पती १९५६ मध्ये पीएल ४८० योजनेतल्या अमेरिकन गव्हाबरोबर पुण्यात आली आणि तिथून देशभर पसरली. वर्ष कधी १९५५ असतं, कधी नुसतं ‘पन्नासच्या दशकात’. पुढे कंसात दोन-तीन नावं. ती नावं काढून वाचली की तिथेही तेच वाक्य आणि कंसात आणखी कुणाची तरी नावं. विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तसं.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर हे एक वाक्य नीट उकलून बघण्यासारखं आहे. दिसायला ते एक विधान आहे, पण त्यात तीन दावे आहेत: कधी आलं, कुठे आलं, कशातून आलं. तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे आहेत. एकाचा पुरावा पेपरमध्ये, दुसऱ्याचा हर्बेरियमच्या कपाटात, तिसऱ्याचा करारावरच्या तारखेत. आणि हे गवत उपटायचं की फवारायचं की त्याच्यावर किडा सोडायचा, या प्रश्नाशीही ‘कुठून आलं’ चा संबंध आहे. तो पुढे येईल.

आधी पुणे.

उकिरड्यावरची नोंद

१९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये, ५४ व्या खंडात, रोल्ला शेषगिरी राव या वनस्पतीशास्त्रज्ञांची एक छोटी टिपण आली. पार्थेनियम हिस्टेरोफोरस या वनस्पतीची भारतासाठी नवीन नोंद, एवढाच तिचा विषय. पानं मोजून तीन. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या विषयावर जे काही हजारो पेपर निघाले, त्यातल्या बहुतेकांच्या संदर्भसूचीत ही तीन पानं आहेत. वाचलेल्यांची संख्या मात्र बरीच कमी असावी. (जुनी जर्नल्स आता ऑनलाइन मिळतात. अर्धा तास काढा.)

याच नोंदीच्या आधाराने आणखी एक गोष्ट संशोधनसाहित्यात येते: प्रा. परांजपे यांना १९५१ मध्येच ही झाडं पुण्यात उकिरड्यांवर तुरळक दिसली होती.

आता ‘नवीन नोंद’ या शब्दांचा अर्थ बघा. वर्गीकरणशास्त्रात नवीन नोंद म्हणजे या प्रदेशाच्या प्रमाण ग्रंथांत ही जाती नाही आणि मला ती इथे सापडली आहे. पुण्याच्या माणसाने तेव्हा काय उघडून बघितलं असतं? हूकरचा ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ आणि थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ. कुक स्वतः पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य होता, त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. म्हणजे ही नोंद सांगते की पन्नासच्या दशकात एका जाणकार माणसाने हे झाड ओळखलं आणि ते छापलं. झाड आलं कधी, हे ती सांगत नाही. ते त्याआधी कधीतरी आलेलं असणार, एवढंच त्यातून निघतं. ओळखल्याची तारीख आणि आल्याची तारीख या दोन तारखा आहेत. आपल्या लाडक्या वाक्याने त्या एक करून टाकल्या.

जहाजाची तारीख

आता गहू. पीएल ४८० हा अमेरिकेचा कायदा. आयझेनहॉवरने त्यावर सही केली जुलै १९५४ मध्ये. भारताबरोबरचा त्याखालचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ च्या शेवटी. त्यानंतर गहू जहाजात भरायचा, मुंबईला उतरवायचा, रेशन दुकानापर्यंत न्यायचा, निवडून टाकलेला कचरा उकिरड्यावर पडायचा, त्यातलं बी पावसाने उगवायचं, झाडं वाढून कुणाच्या नजरेत भरायची, मग त्याने नमुना तपासून टिपण लिहायची आणि जर्नलने ती छापायची. एवढं सगळं त्याच १९५६ मध्ये? १९५१ चं निरीक्षण बाजूला ठेवलं तरी हिशेब बसत नाही. ते धरलं तर विषयच मिटतो. कायदाच अजून झालेला नव्हता.

पण इथे घाई करू नका. पीएल ४८० सुटला म्हणजे अमेरिकन गहू सुटला असं नाही. भारत चाळीसच्या दशकापासूनच परदेशी धान्य आणत होता, आणि १९५१ मध्ये अमेरिकेने वेगळ्या कायद्याने सुमारे २० लाख टन धान्यासाठी कर्ज दिलं होतं. म्हणजे धान्यातून बी येण्याचा मार्ग उघडा होताच. नंतर पीएल ४८० च्या प्रचंड आवकीतून आणखी बी आलं असणंही सहज शक्य आहे. ‘आलं असणं शक्य आहे’ आणि ‘त्यातूनच पहिल्यांदा आलं’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत, एवढाच मुद्दा.

सोलापूर भागात तर या गोष्टीची तिसरीच आवृत्ती ऐकायला मिळते. वयस्कर माणसांना विचारा, ते सांगतील १९७२ च्या दुष्काळात मिलो आली, लाल ज्वारी, तिच्यातून हे गवत आलं. बहात्तरची आठवण आपल्याकडे इतकी पक्की आहे की नंतर दिसलेली प्रत्येक वाईट गोष्ट तिथे नेऊन बांधली जाते. पण राव यांची नोंद त्याच्या १६ वर्षं आधीची. लोकांच्या आठवणीला खोटं ठरवायचं कारण नाही. त्या वर्षांत ते आपल्या शिवारात डोळ्यात भरण्याइतकं वाढलं असेल. तोंडी इतिहास पुष्कळदा आगमन सांगत नाही, जाणवणं सांगतो. मुलाखती घेणार असाल तर प्रश्न ‘कधी आलं?’ असा न विचारता ‘कुठे, कुणाच्या रानात पहिल्यांदा बघितलं?’ असा विचारा. उत्तरं फार वेगळी येतात.

कोलकात्याची यादी, डेहराडूनचा कागद

गोष्ट इथे थांबत नाही, मागे जाते.

१८१४ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ नावाचं पुस्तक निघालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कोलकात्याच्या बागेत कोणकोणती झाडं आहेत, त्याची ही यादी. यादी विल्यम रॉक्सबर्गची, छापून आणली विल्यम केरीने. (हा केरी तोच, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश काढला. मराठीच्या इतिहासात भेटणारा माणूस गाजर गवताच्या इतिहासातही भेटेल असं वाटलं नव्हतं.) या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरसचं नाव आहे, हे २०१० च्या सुमारास एका भारतीय अभ्यासकाने पुन्हा दाखवून दिलं. दुसरा पुरावा डेहराडूनचा. तिथल्या वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये ब्रँडिस यांच्या नावाचा, १८८० चा नमुना आहे. त्याची नोंद सत्तरच्या दशकाच्या शेवटी छापली गेली. म्हणजे पुण्याच्या टिपणीआधी ७६ वर्षं या झाडाचा वाळवलेला नमुना देशात होता.

मग पुण्याची गोष्ट खोटी? नाही. इथेच तीन पुराव्यांतला फरक कळतो. यादी सांगते की नाव लिहिणाऱ्याच्या मते ते झाड बागेत होतं. बागेत लावलेलं झाड रानात पळालं असेलच असं नाही, आणि यादीबरोबर नमुना नसेल तर नाव बरोबर लिहिलं होतं का हेही तपासता येत नाही. हर्बेरियम शीट त्याहून भक्कम, कारण झाडच समोर आहे, आज पुन्हा ओळखता येतं. पण एक शीट म्हणजे एक झाड. ते तिथे फोफावलं होतं का, हे शीट सांगत नाही. राव यांची नोंद आणि त्यानंतर लगेच पसरलेलं गवत हा तिसरा प्रकार: जिवंत, स्वतःहून वाढणारी, पुढे सरकणारी वस्ती. १८१४, १८८० आणि १९५६ ही एकाच प्रश्नाची तीन भांडणारी उत्तरं वाटतात. माझ्या मते ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. वायवामध्ये ‘भारतातली पहिली नोंद कोणती?’ असं विचारलं तर आधी विचारा, ‘सर, कुठल्या अर्थाने पहिली?’

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेऊ, कारण तिथे हा शोध शेवटापर्यंत गेला. जपानी नॉटवीड. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं झाड, बांबूसारखे पोकळ पेरांचे दांडे. सीबोल्ड नावाच्या डॉक्टरने ते जपानहून हॉलंडला नेलं. १८४७ मध्ये उत्रेख्तला ते वर्षातलं सर्वात आकर्षक नवं शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक घेऊन बसलं. १८५० मध्ये सीबोल्डकडून लंडनच्या क्यू उद्यानात झाडांचं पार्सल आलं, त्यात हे होतं. आज ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने ते रानात लावणं गुन्हा आहे आणि घर विकताना ‘आवारात नॉटवीड आहे का?’ हे लेखी सांगावं लागतं. तिकडे घर घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हा शब्द तिथे गेल्यावर कळतो आणि चांगलाच कळतो. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी देशभरातले नमुने तपासले तेव्हा सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या एकच निघाली. एकच मादी झाड, जमिनीखालच्या खोडाच्या तुकड्यांनी देशभर झालेलं. पार्सलची नोंद आणि डीएनए दोन्ही एका दिशेला बोट दाखवतात.

त्या झाडाला तीन शास्त्रीय नावं आहेत. हाउटाइनने १७७७ मध्ये एक दिलं, सीबोल्डने १८४६ मध्ये ते न ओळखता दुसरं दिलं, पुढे तिसऱ्या प्रजातीतही ते गेलं. म्हणून लिटरेचर सर्चमध्ये रेनोट्रिया, पॉलिगोनम आणि फॅलोपिया तिन्ही टाकावी लागतात. आपल्या झाडाचं शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं ते आजही टिकून आहे. त्या बाबतीत आपण सुखी.

चामडीने दिलेली साक्ष

गाजर गवत कुठलं, हा प्रश्न एका अनपेक्षित बाजूने पुढे सरकला. त्वचारोगाच्या बाजूने.

साठच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक वेगळाच रुग्ण येऊ लागला. बहुतेक पुरुष, शेतात किंवा उघड्यावर काम करणारे. चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू सुजलेली, खाजणारी, पुढे कातडी जाड आणि काळी पडलेली. कपड्याखालचा भाग तुलनेने बरा. लोणकर आणि जोग यांनी १९६८ मध्ये गाजर गवतामुळे झालेल्या अशा त्वचादाहाची केस छापली. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांचा मोठा पेपर लंडनच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलच्या त्वचारोग संस्थेच्या नियतकालिकात आला. कारण शोधायची रीत साधी होती, पॅच टेस्ट: झाडाचा अर्क पाठीवर चिकटवायचा, दोन दिवस ठेवायचा, काढून बघायचं. ज्याच्या अंगात त्या पदार्थाविरुद्ध संवेदनशीलता तयार झाली आहे, त्याची तेवढीच जागा लाल होऊन उठते.

मला हा भाग या सगळ्या इतिहासात सर्वात गंभीर वाटतो. तोपर्यंत हे ‘एक तण’ होतं. या लोकांसाठी ते रोज अंगावर येणारी हवा होती, कारण वाळलेल्या झाडाचे केस आणि धूळ वाऱ्याने येते, झाडाला हात लावायचीही गरज नाही. ज्याला हे झालं त्याने करायचं काय? शेत सोडायचं?

या त्रासामागचं रसायन पार्थेनिन. ते आधीच, १९५९ मध्ये, अमेरिकेत हर्झ आणि वातानाबे यांनी वेगळं केलेलं होतं. १९८२ मध्ये पिकमन आणि टॉवर्स यांनी जगभरातून या झाडाचे नमुने घेऊन रसायनं तपासली. उत्तर अमेरिकेकडच्या झाडांत मुख्यतः पार्थेनिन, तर दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांत त्याच्या जवळचंच, हायमेनिन नावाचं दुसरं रसायन. दिसण्यातही फरक आहे, तिकडच्या झाडांची फुलं पिवळसर. आपल्याकडचं झाड पांढऱ्या फुलांचं आणि पार्थेनिनवालं. म्हणजे मेक्सिको, टेक्सास, कॅरिबियन या बाजूचं.

तर ‘कशातून’ या दाव्याला इथे थोडा आधार मिळतो: झाडाचं माहेर आणि गव्हाचं माहेर शेजारी आहेत. पण रसायन तारीख सांगत नाही, वाहनही सांगत नाही. ऑस्ट्रेलियात हेच झाड १९६० च्या सुमारास क्वीन्सलंडमध्ये टेक्सासहून आणलेल्या चराऊ गवताच्या बियाण्यातून गेलं असं मानतात. रसायन तेच, रस्ता वेगळा.

मी माझ्या कच्च्या मसुद्यात हे वाक्य असं लिहिलंय: भारतात या झाडाची १९ व्या शतकातली उपस्थिती यादी व नमुन्यातून दिसते, तण म्हणून त्याची पहिली छापील नोंद १९५६ ची, पुण्याची, पन्नासच्या दशकातल्या वस्तीचा उगम आयात धान्यात असण्याची शक्यता मांडली जाते, मात्र पीएल ४८० चा पहिला करार त्या नोंदीच्या जेमतेम काही महिने आधीचा आहे. लांब आहे, बेडौल आहे, पण कुणी बोट ठेवलं तर प्रत्येक तुकड्यामागे काहीतरी दाखवता येतं.

ओळख आणि नावं

फील्डवर जाणाऱ्यांसाठी थोडं. हे गवत नाही. सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे. कोवळेपणी पानं जमिनीलगत गोल पसरतात, गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखी कातरलेली, आणि याच वेळी ओळखायला चुकतं. मग मधून उभ्या रेघांचा, लव असलेला दांडा निघतो, कंबर-छातीपर्यंत जातो. फुलं बारीक, पांढरी. भिंग लावून बघा, प्रत्येक बोंडाला पाच कोपरे दिसतील. ते पाच कोपरे म्हणजे पाच किरणपुष्पं, आणि बी त्यांनाच धरतं. म्हणून एका बोंडाला साधारण पाच बिया. झाडभर बोंडं मोजलीत तर एका मोठ्या झाडाचा हिशेब हजारोंत जातो, १५ हजारांच्या पुढेही. नॉटवीड बी न धरता देश व्यापतं, हे निव्वळ बियांवर. नियंत्रणाची सगळी गणितं इथून वेगळी होतात.

मराठीत याला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरफुली म्हणतात. ‘काँग्रेस’ का, याची दोन स्पष्टीकरणं लोक देतात: पांढरी फुलं गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून, किंवा त्या पक्षाच्या राज्यात आलं म्हणून. दुसरं स्पष्टीकरण खरं असेल तर गव्हाची गोष्ट नावातच शिरून बसली आहे. नाव घेणारा माणूस न कळत उगमाचा एक सिद्धांत उच्चारतो. प्रश्नावली मराठीत करताना हे ध्यानात असू द्या.

बांधाच्या अलीकडे, बांधाच्या पलीकडे

सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालत आलंय. इथल्या काळ्या रानाचे जुने वैरी म्हणजे हरळी, कुंदा, लव्हाळा. सगळे मुळाने किंवा गड्ड्याने जगणारे. त्यांच्यासाठी खोल नांगरट, पुन्हा पुन्हा कुळवणी, उभ्या पिकात कोळपणी, उरलेलं खुरप्याने, अशी रीत बसलेली आहे. गाजर गवताला हे सगळं पुरून उरत नाही, ते उथळ मुळाचं, ओल्या रानात हाताने उपटून येतं. मग ते जिंकतं कसं? ते शेतात लढतच नाही. बांध, रस्त्याची कड, रेल्वेची हद्द, गावठाण, शहरातले मोकळे प्लॉट, बंद पडलेल्या गिरण्यांची आवारं, जिथे खुरपं पोहोचत नाही तिथे ते उभं राहतं आणि बी तेवढं शेतात पाठवतं. कोळपणी बांधापाशी संपते. त्यापुढची जमीन कुणाचीच नसते किंवा सरकारची असते. मला तर वाटतं या झाडाच्या पसरण्याचा खरा नकाशा मातीचा कमी आणि मालकीचा जास्त आहे.

म्हणून जैविक नियंत्रणाची कल्पना आली. इथे ‘कुठून आलं’ चा उपयोग आहे: झाड मेक्सिकोच्या बाजूचं, तर त्याला खाणारा किडाही तिथेच शोधायचा. १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगा बंगळुरूला आणला. मळकट पांढऱ्या पाठीवर उभ्या गडद रेघा. सुमारे ४० जातींच्या झाडांवर चाचण्या झाल्या, दुसरं काही खाऊन तो जगत नाही असं दिसलं, आणि १९८४ मध्ये तो सोडला. काही वर्षांत बंगळुरूच्या आसपास गाजर गवताचे पट्टेच्या पट्टे त्याने काड्यांवर आणले.

आणि मग १९९१ च्या सुमारास बातमी आली: भुंगा सूर्यफूल खातोय.

कल्पना करा काय झालं असेल. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले. तेव्हा सूर्यफूल कर्नाटकात आणि आपल्या सोलापूर, लातूर पट्ट्यातही नगदी पीक होतं. सरकारने चौकशी समिती नेमली, भुंगे सोडणं थांबलं. चाचण्या चुकल्या होत्या का?

जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापलेला शोध या विषयातला माझा सर्वात आवडता. भुंगा सूर्यफुलाचं पान खात होता, हे खरं होतं. पण कुठलं पान? ज्या रानाशेजारी गाजर गवत फुललेलं आहे तिथलं. गवताचे परागकण वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानावर पडत होते आणि पार्थेनियमच्या त्या पिवळट धुळीने भुंगा फसून चावा घेत होता. स्वच्छ पानाकडे तो तसा वळत नव्हता. सूर्यफुलावर त्याची पिढी टिकत नाही, हेही इतर अभ्यासांत दिसलं. शेवटी बंदी उठली. शेतकऱ्याने बघितलेलं खरं होतं आणि प्रयोगशाळेने बघितलेलंही खरं होतं. मधला परागकण कुणी बघितला नव्हता.

दुसरा उपाय स्पर्धक झाडाचा. कॅसिया युनिफ्लोरा, जुन्या पेपरांत कॅसिया सेरिशिया, आपल्या टाकळ्याची चुलत बहीण. आपल्याकडे सरसकट तरोटाच म्हणतात. पावसाच्या तोंडावर तिचं बी फेकलं की ती दाट उगवते आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. उत्तर कर्नाटकात हे चांगलं दिसलं. गंमत म्हणजे हीसुद्धा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलीच. एक पाहुणा घालवायला दुसरा पाहुणा बसवायचा. मला हा उपाय मनापासून पटत नाही, विशेषतः नान्नजसारख्या माळढोक अभयारण्याच्या माळरानाजवळ, जिथे आखूड देशी गवतच हवं.

मिठाचं दाट द्रावण, ग्लायफोसेट, मेट्रिब्युझिन वगैरेंची यादी कुठल्याही कृषी पुस्तिकेत मिळेल, ती इथे देत नाही. फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणं आणि त्याचं कंपोस्ट करणं हे अजूनही सर्वात स्वस्त. कापू नका, बुडातून पुन्हा फुटतं. पेटवूही नका, धूर अंगावर घेऊ नका.

आता सोलापूरची खास अडचण. भुंगा पावसाचा आहे. आपल्याकडे वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हिवाळा लागला की तो मातीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसाळ्यात उठतो. गाजर गवतालाही ओल लागते, पण १९८० मध्ये उजनी झाल्यापासून जिल्ह्याच्या मोठ्या भागात उसाच्या पाटाला, चारीला, बांधाला बारमाही ओल आहे. तिथे ते मार्चमध्येही फुलतं, एप्रिलमध्येही. भुंगा तेव्हा झोपलेला. बंगळुरूच्या आकड्यांवरून आपल्याकडचा परिणाम सांगता येत नाही तो याच्यामुळे. कोरडवाहू माळ आणि कालव्याखालचा बांध, ही दोन वेगळी ठिकाणं धरूनच प्लॉट टाकायला हवेत, आणि दोन्हीकडे भुंग्याची मोजणी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर पंधरवड्याला करावी लागेल. एकदाच जाऊन केलेल्या सर्वेक्षणात तो एकतर सगळीकडे दिसतो, नाहीतर कुठेच नाही.

मोजणीला जाल तेव्हा प्रत्येक ठिकाणाहून एक झाड दाबून आणा, मुळासकट, पानांच्या तळाच्या चकतीसकट. लेबलवर गाव, गट नंबर, जमीन पडीक की पाटाची, तारीख आणि तुमचं नाव. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क. कुणाला पापण्यांना खाज सुरू झाली तर त्याला त्या दिवसापुरतं नाही, त्या कामातूनच बाजूला ठेवा. ही संवेदनशीलता एकदा आली की बहुधा कायमची राहते.